युद्धकालीन प्रशिक्षण-अपघातांतील वैमानिकांची स्मारके

शत्रूच्या माऱ्याने नव्हे, तर युद्धासाठी सिद्ध होत असताना, प्रशिक्षणाच्या किंवा सरावाच्या उड्डाणात विमान कोसळून मृत्यू पावलेले वैमानिक, मार्गनिर्देशक, बिनतारी संदेशक, तोफकरी इत्यादी विमानकर्मींच्या स्मरणार्थ राखलेल्या समाधिशिला, नामफलक, स्तंभ व नामावल्या यांचा या स्मारकांत समावेश होतो. युद्धस्मारकांच्या सर्वसाधारण इतिहासात या वर्गाचा स्वतंत्र विचार क्वचितच झालेला आहे. याचे एक कारण असे, की स्मारकाची कल्पना मुळात पराक्रमाशी निगडित आहे आणि प्रशिक्षणातील मृत्यूला पराक्रमाची चौकट सहजासहजी बसत नाही. शत्रू नाही, जयापजय नाही, आणि पुष्कळदा विमान कोसळताना पाहणाराही कोणी नाही, असे हे मृत्यू होत. तथापि संख्येच्या दृष्टीने ते मुळीच उपेक्षणीय नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बाँबफेकी दलाचे (बाँबर कमांड) ५५,५७३ विमानकर्मी मृत्यू पावले. यांपैकी ८,०००हून अधिक जण प्रशिक्षणातील वा तत्सम अपघातांत गेले, म्हणजे स्थूलमानाने दर सात मृतांपैकी एकाचा मृत्यू शत्रूशी संबंध न येता झाला. अमेरिकेच्या भूमीवर त्याच काळात प्रशिक्षण व अन्य अपघातांत सुमारे १५,००० विमानकर्मी प्राणास मुकले. पहिल्या महायुद्धासंबंधी मात्र आकडे सावधगिरीने वापरावयास हवेत. ब्रिटनच्या १४,००० मृत वैमानिकांपैकी ८,००० प्रशिक्षणात मेले, हे विधान पुस्तकांतून वर्षानुवर्षे उतरत आले. अलीकडच्या अभ्यासकांनी मूळ नोंदी तपासून ते बरेच अतिशयोक्त असल्याचे दाखवून दिले आहे. प्रशिक्षणातील हानी त्या युद्धातही मोठी होती, हे मात्र खरे.

या हानीची कारणे दुहेरी होती : शिकणाऱ्याची अपरिपक्वता आणि युद्धाची घाई. शांततेच्या काळात दोन-तीन वर्षे चालणारे शिक्षण युद्धकाळात काही महिन्यांत उरकावे लागे. प्राथमिक शाळेत टायगर मॉथसारख्या दोन पंखजोड्यांच्या हलक्या विमानावर पहिले धडे, पुढे हार्व्हर्डसारख्या अधिक शक्तिमान विमानावर माध्यमिक शिक्षण आणि अखेर प्रत्यक्ष लढाऊ वा बाँबफेकी विमानाची ओळख, असा हा क्रम असे. प्रत्येक पायरी ओलांडताना वेग, वजन व गुंतागुंत एकदम वाढे. एक एंजिन असलेल्या विमानावरून दोन एंजिनांच्या विमानाकडे जाणे विशेष जोखमीचे होते. उड्डाणाच्या क्षणी एक एंजिन बंद पडल्यास विमान एका अंगाला ओढले जाऊन उलटे, आणि ते सावरण्यास लागणारी सवय अद्याप अंगी मुरलेली नसे. रात्रीचे उड्डाण, फार कमी उंचीवरून जाणे, एकमेकांना लगटून व्यूहात उडणे हे सरावाचे विषयच मूलतः धोक्याचे होते. त्यांखेरीज शिकवणीसाठी मिळणारी विमाने बहुधा आघाडीवरून निवृत्त केलेली असत.

हिंदुस्थानात यांत हवामानाची भर पडली. उन्हाळ्यात तापलेल्या विरळ हवेत पंखांना मिळणारी उचल कमी होते व एंजिनाची शक्तीही घटते. त्यामुळे धावपट्टी अपुरी पडते. मृगापूर्वीचे वळवाचे ढग आणि पावसाळ्यातील गर्जन्मेघ यांच्या आतील उभ्या प्रवाहांत सापडलेले विमान अनुभवी वैमानिकाच्याही हाती राहत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर दाटलेल्या ढगांत जमिनीचा अंदाज चुकणे, दख्खनच्या पठारावरील एकसारख्या दिसणाऱ्या काळ्या शिवारांत आणि उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या नदीपात्रांत दिशा हरवणे, हीही नेहमीची संकटे होती. लोहमार्ग हा अशा वेळी वैमानिकाचा मोठा आधार असे.

हिंदी हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली व त्याची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे चार वापिती विमानांनिशी उभी राहिली. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हाही दलाकडे हीच एक स्क्वाड्रन होती. युद्ध संपले तेव्हा नऊ होत्या आणि मनुष्यबळ सुमारे २८,५०० झाले होते. या वाढीच्या मागे प्रशिक्षणाचे केवढे यंत्र उभे करावे लागले, याची कल्पना येते. आरंभी मुंबई (जुहू) येथील क्लबासारख्या नागरी उड्डाण क्लबांचा उपयोग करण्यात आला. पुढे लाहोरजवळ वॉल्टन येथे प्रारंभिक शिक्षण, हैदराबादजवळ बेगमपेठ व राजस्थानात जोधपूर येथे प्राथमिक उड्डाणशाळा, अंबाला येथे माध्यमिक शाळा आणि वायव्य सरहद्दीवर रिसालपूर व पेशावर येथे प्रत्यक्ष युद्धविमानांवरील शिक्षण, अशी साखळी तयार झाली. ब्रिटिश शाही हवाई दलाच्या (रॉयल एअर फोर्स) तुकड्याही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाण्यापूर्वी देशाच्या अंतर्भागात नव्या विमानांचा सराव करीत. बंगलोरजवळील येलहंका, कोलार, ओरिसातील अमर्दा रोड व महाराष्ट्रातील पुणे (लोहगाव) हे तळ या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. म्हणजे आघाडी आसाम व ब्रह्मदेशात असली, तरी अपघात साऱ्या देशभर विखुरलेले होते.

परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद सुभ्यात मोडत असे. हिंगोली, वसमत, कळमनुरी हा आजचा हिंगोली जिल्ह्याचा भागही त्यातच होता (तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला). सिकंदराबाद–मनमाड हा लोहमार्ग याच जिल्ह्यातून पूर्णा, परभणी, सेलू असा जातो. संस्थानाचा व हवाई युद्धाचा संबंध केवळ बेगमपेठच्या शाळेपुरता मर्यादित नव्हता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान (कार. १९११–४८) याने पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ११०व्या स्क्वाड्रनला तिची मूळची डीएच-९ए विमाने देणगीदाखल दिली. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समध्ये गेलेल्या या तुकडीच्या विमानांवर दात्याचे नाव रंगविलेले असे आणि ‘हैदराबाद’ हे नाव तुकडीला कायमचे चिकटले. दुसऱ्या महायुद्धात १५२ व २५३ या आणखी दोन स्क्वाड्रनांना हैदराबादचे नाव मिळाले. १५२व्या तुकडीच्या बोधचिन्हावर निजामाचे शिरोभूषण असून ‘निष्ठावान मित्र’ या अर्थाचे तिचे ब्रीदवाक्य निजामाच्या ब्रिटिश सरकारने दिलेल्या पदवीवरून घेतलेले आहे. देणगी निजामाच्या नावावर नोंदली गेली. तथापि संस्थानाच्या उत्पन्नाचा एक मोठा स्रोत शेतसारा होता आणि गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यातील कापूस-ज्वारी पिकविणारा शेतकरी तो भरीत होता, हे येथे नमूद केले पाहिजे. ब्रिटिश स्क्वाड्रनांच्या इतिहासांत त्याचा उल्लेख नाही.

११०वी स्क्वाड्रन १९४२ मध्ये हिंदुस्थानात आली. प्रथम व्हेंजन्स या सूर मारून बाँबफेक करणाऱ्या विमानांवर ती ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली व नंतर तिला मॉस्किटो हे नवे विमान देण्यात आले. या विमानाचा इतिहास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. मॉस्किटोचा सांगाडा प्लायवुड व हलक्या लाकडाचे थर सरसाने चिकटवून केलेला असे. १९४४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिंदुस्थानातील काही मॉस्किटो विमानांचे पंख सरावाच्या उड्डाणांत हवेतच निखळले व त्यांतील विमानकर्मी ठार झाले. नोव्हेंबरमध्ये या विमानांची उड्डाणे थांबवून तपासणीचा आदेश निघाला. उष्ण व दमट हवेने सरस कुजला, असा प्रथम तर्क होता आणि तो सोयीचाही होता, कारण त्यात दोष कोणाचाच नव्हता. पुढे झालेल्या चौकशीत मात्र कारखान्यातील जुळणीच सदोष असल्याचे आढळले. वैमानिकाच्या चुकीचे म्हणून नोंदलेले प्रशिक्षण-अपघातही पुष्कळदा असे दुसऱ्या कोणाच्या तरी घाईचे परिणाम असतात.

अनुभवी वैमानिकही अशा मृत्यूपासून सुरक्षित नव्हते. करुण कृष्ण ऊर्फ ‘जंबो’ मजुमदार हे ब्रह्मदेशात व नंतर फ्रान्सच्या आघाडीवर नाव कमावलेले अधिकारी. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक त्यांना दोनदा मिळाले होते. १७ फेब्रुवारी १९४५ रोजी लाहोर येथे हवाई कसरतींच्या उड्डाणात त्यांचे हरिकेन विमान कोसळून त्यांचा अंत झाला. आघाडीवर शत्रूच्या तोफांतून सुटलेला माणूस अशा रीतीने गेला. मजुमदारांचे नाव टिकले, याचे कारण त्यांचा पूर्वीचा पराक्रम हे होय. ज्यांच्या वाट्याला पराक्रमाची संधीच आली नाही, त्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या नावांचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर बव्हंशी एका संस्थेच्या नियमांत सापडते. सर फेबियन वेअर यांच्या प्रयत्नाने २१ मे १९१७ रोजी राजाज्ञेने इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था स्थापन झाली; १९६० मध्ये तिच्या नावातील ‘इंपीरियल’च्या जागी ‘कॉमनवेल्थ’ हा शब्द आला. प्रत्येक मृताचे नाव स्वतंत्रपणे कोरले जावे, स्मारक कायमचे असावे, समाधिशिला एकसारख्या असाव्यात आणि दर्जा, वंश वा धर्म यांवरून भेद केला जाऊ नये, ही तिची तत्त्वे होत. प्रस्तुत संदर्भात त्यांहूनही महत्त्वाचा नियम कालमर्यादेचा आहे. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मृत्यू आलेल्या प्रत्येकाला, मृत्यूचे कारण काहीही असो, युद्धमृत मानण्यात येते. त्यामुळे जर्मनीवर बाँबफेक करताना मेलेला आणि बेगमपेठच्या धावपट्टीवर पहिल्याच एकट्याने केलेल्या उड्डाणात मेलेला यांच्या शिलांत काही फरक राहत नाही. शिलेवर हवाई दलाचे चिन्ह, सेवाक्रमांक, हुद्दा, काम, नाव, तारीख व वय एवढेच असते. तळाशी कुटुंबाने निवडलेली एखादी ओळ असू शकते. मृत्यू कसा झाला हे लिहिण्याचा प्रघात नाही. या मौनामुळे समता साधली गेली. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला शिलेवरून कारण कळत नाही, एवढी तिची किंमत द्यावी लागली. अशा दफनभूमीत एकाच तारखेच्या चार-सहा शिला ओळीने दिसल्या, तर ते एका विमानातील सहकारी असावेत असा तर्क करता येतो. अवशेष वेगळे ओळखता आले नाहीत, तेथे सामुदायिक समाधी आढळते.

ब्रिटिशांनी आपले मृत मायदेशी नेले नाहीत. जेथे मृत्यू आला, त्या परिसरातच दफन करावयाचे, असे त्यांचे धोरण पहिल्या महायुद्धापासून होते. अमेरिकेचे धोरण याच्या उलट होते. हिंदुस्थानात पुरलेले अमेरिकन सैनिक युद्धानंतर उकरून हवाई बेटांतील राष्ट्रीय दफनभूमीत किंवा स्वगृही नेण्यात आले. ब्रिटिश व अन्य राष्ट्रकुलीय मृत मात्र छावण्यांच्या व नागरी दफनभूमींत विखुरलेले राहिले. स्वातंत्र्यानंतर छावण्या उठल्या, तेथील ख्रिस्ती वस्ती पांगली, आणि या समाधींची निगा राखणे अशक्य झाले. तेव्हा त्या मोजक्या ठिकाणी एकत्र आणण्याचे ठरले. उत्तरेकडील समाधी दिल्लीस, दक्षिण व पूर्वेकडील काही मद्रासला (१९५२) आणि पश्चिम व मध्य भारतातील पुण्याजवळ खडकीस हलविण्यात आल्या.

खडकी येथील युद्ध दफनभूमी मुळा नदीच्या काठी, होळकर पुलाच्या परिसरात आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ राष्ट्रकुलीय सैनिकांच्या समाधी आहेत. याच आवारात पहिल्या महायुद्धाचे एक स्मारक असून त्यावर १,८००हून अधिक नावे आहेत. त्यांपैकी ६२९ जणांचे अवशेष एप्रिल १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून येथे आणले गेले. दुसऱ्या महायुद्धातील ज्या १९७ सैनिकांच्या समाधी भारतात व पाकिस्तानात इतरत्र असून त्यांची देखभाल करता येत नाही, त्यांच्यासाठीही येथे वेगळे स्मारक आहे. हिरवळ, फुलझाडांचे ताटवे, मधोमध उंच दगडी क्रूस आणि शिलांच्या समांतर रांगा, अशी ही रचना जगातील अशा कोणत्याही दफनभूमीशी मिळतीजुळती आहे. तथापि तिचे एक वैशिष्ट्य ध्यानी घेण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात महाराष्ट्राच्या भूमीवर लढाई झालेली नाही. त्यामुळे येथे विसावलेल्यांपैकी जवळजवळ सर्वांचा मृत्यू रणांगणापासून दूर, आजाराने, अपघाताने किंवा रुग्णालयात जखमांनी झालेला आहे. रणभूमीवर उभ्या असलेल्या कोहीमा व इंफाळ येथील दफनभूमींकडे भारतीय वाचकाचे लक्ष अधिक वेधले जाते. खडकी ही पिछाडीच्या मृत्यूंची भूमी आहे आणि प्रशिक्षणात कोसळलेल्या वैमानिकांना तेथेच समान सोबत मिळाली आहे.

भारतीय विमानकर्मींची स्थिती निराळी होती. हिंदू व शीख मृतांचे दहन होत असल्यामुळे त्यांना समाधी नाही, म्हणून त्यांच्यासाठी शिलाही नाही. अविभाजित भारताच्या सेनांतील २५,०००हून अधिक मृतांची नोंद दिल्ली व कराची येथील १९३९–४५च्या जोडस्मारकांशी निगडित नामावलीत करण्यात आली. देहच सापडला नाही, अशा दक्षिण व पूर्व आशियातील विमानकर्मींची नावे सिंगापूरमधील क्रांजी येथील स्मारकावर आहेत (उद्‌घाटन १९५७). याचा परिणाम असा, की एखादा महाराष्ट्रीय तरुण अंबाल्यास सरावात गेला, तर त्याचे नाव दिल्लीस किंवा कराचीस नोंदलेले, आणि त्याच्या गावात वा जिल्ह्यात त्याची काहीच खूण नाही. नियमातील समता येथे थोडी अपुरी पडते, असे म्हणावे लागते. शिला आणि नामावलीतील एक ओळ यांचे वजन पाहणाऱ्याच्या मनावर सारखे पडत नाही. आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात पहिल्या महायुद्धासंबंधी याहून गंभीर उणीव मान्य केली. सुमारे ४५,००० ते ५४,००० आशियाई व आफ्रिकी मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि किमान १,१६,००० जणांची नावे नोंदलीच गेली नसावीत, असा त्या समितीचा अंदाज आहे.

नाव हरवून पुन्हा सापडल्याचे एक उदाहरण मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिंगकर यांचे आहे. त्यांचा मृत्यू सरावात नव्हे, लढाईत झाला. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गस्तीस गेलेले त्यांचे डॉल्फिन विमान परत आले नाही. जर्मनांनी त्यांना पुरले, ते नाव चुकीचे लिहून. पुढे चौकशीअंती ओळख पटली व हांगार येथील दफनभूमीत त्यांच्या नावाची शिला बसली. कुटुंब चिकाटीचे व साधनसंपन्न असेल, तर काय होऊ शकते याचे हे द्योतक आहे. सरावात गेलेल्या बहुसंख्य तरुणांच्या घरी एक तार आली व पत्रव्यवहार तेथेच थांबला.

महाराष्ट्रात मृत योद्ध्याचे स्मरण दगडावर करण्याची परंपरा फार जुनी आहे. मराठवाड्यात गावोगावी देवळांजवळ आढळणाऱ्या वीरगळांवर खालच्या कप्प्यात झुंज व मरण, मधल्या कप्प्यात अप्सरांसमवेत स्वर्गारोहण, वरच्या कप्प्यात शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चिरंतनत्वाचे चिन्ह म्हणून चंद्रसूर्य कोरलेले असतात. गावाच्या सीमेसाठी, गुरांसाठी वा धन्यासाठी लढता लढता पडलेला हा वीर असतो. या शिल्पभाषेत झुंजीचा कप्पा अपरिहार्य आहे. झुंजीविना मरणासाठी तीत जागा नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी मुंबई इलाख्यातील अनेक गावांत, या गावातून अमुक इतके लोक युद्धावर गेले व त्यांतील इतके परतले नाहीत, अशा आशयाच्या संगमरवरी पाट्या बसविल्या. त्यांत संख्या आहे, नावे नाहीत.

परभणी व एकूण मराठवाड्याची सामूहिक स्मृती मात्र वेगळ्या घटनांनी व्यापलेली आहे. महायुद्ध संपून तीन वर्षे होतात न होतात तोच हैदराबाद मुक्तिसंग्रामाने या प्रदेशाचे जीवन ढवळून निघाले. रझाकारांचे अत्याचार, सीमेवरील सशस्त्र शिबिरे आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांतील पोलीस कारवाई यांच्या आठवणी घराघरांत आहेत. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो व त्या लढ्यातील हुतात्म्यांची स्मारके जिल्ह्यात आहेत. परक्या सरकारच्या विमानातून पडलेला परका तरुण, किंवा त्या सरकारच्या नोकरीत मेलेला आपल्यातलाच एखादा, यांना या स्मृतीत स्थान मिळू नये हे स्वाभाविक होय. त्यात अनास्थेपेक्षा अग्रक्रमाचा भाग अधिक आहे. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा पाया मात्र याच शिकवणीतून घातला गेला, हेही तितकेच खरे. बेगमपेठचा तळ आजही भारतीय हवाई दलाच्या प्रशिक्षणकार्यात आहे.

इतर देशांत या मृतांचे स्मरण अलीकडच्या काळात स्थानिक पातळीवर होऊ लागलेले दिसते. कॅनडात राष्ट्रकुल हवाई प्रशिक्षण योजनेखाली १,३१,५५३ विमानकर्मी तयार झाले. ओटावा येथील १९५९ मधील स्मारकावर, उत्तर अमेरिकेतील तळांवरून उडताना वा शिकताना बेपत्ता झालेल्या सुमारे ८०० जणांची नावे आहेत. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील आर्केडिया या लहान गावी २३ ब्रिटिश शिकाऊ वैमानिक पुरलेले असून गावकरी दरवर्षी मे महिन्यात त्यांच्या समाधींपाशी जमतात. ओक्लाहोमा राज्यातील मॉयर्स येथे २० फेब्रुवारी १९४३ रोजी खराब हवेत दोन विमाने डोंगरावर आदळून चार ब्रिटिश तरुण ठार झाले. शाळेतील मुलांनी ही हकीकत शोधून काढल्यावर २००० साली तेथे दगडी स्मारक उभे राहिले. ब्रिटनमध्ये १९८६च्या कायद्याने लष्करी विमानांचे अवशेष परवान्याविना उकरण्यास मनाई आहे. भारतात ओरिसातील अमर्दा रोडचे उदाहरण जवळचे आहे. तेथील हवाई युद्ध प्रशिक्षण केंद्रात २६ जुलै १९४५ रोजी व्यूहसरावात दोन लिबरेटर बाँबफेकी विमानांची टक्कर होऊन १४ जण ठार झाले. ब्रह्मदेशातील युद्धाचा निकाल तोवर लागून चुकला होता आणि जपानच्या शरणागतीस तीन आठवडेही उरले नव्हते. अपघाताची ही हकीकत स्थानिक इतिहासप्रेमींनी अलीकडे जुन्या कागदांतून उजेडात आणली.

अशा शोधाची साधने बरीच उपलब्ध आहेत. ब्रिटिश हवाई दलाची प्रत्येक स्क्वाड्रन ‘फॉर्म ५४०’ या नावाची दैनंदिन नोंदवही ठेवीत असे. अपघातग्रस्त विमानाचे ‘फॉर्म ११८०’ हे स्वतंत्र पत्रक भरले जाई व त्यात वैमानिकाच्या उड्डाणाचे एकूण तास आणि अपघाताचे मानलेले कारण नमूद असे. हिंदी हवाई दलाचा १९३३–४५ या काळातील अधिकृत इतिहास एस. सी. गुप्ता यांनी लिहिला असून तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्क्वाड्रनांच्या कामगिरीचा तो विश्वसनीय आधार आहे, पण शिकवणीतील मृत्यूंना त्यात थोडीच जागा मिळाली आहे. युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवह्या आता सार्वजनिक असून त्यांत भारतीय मृताच्या नावापुढे शक्य तेथे वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा दिलेला असतो. या नोंदी रोमन लिपीत व लेखनिकाच्या कानाला पटेल त्या रीतीने लिहिलेल्या असल्याने मराठी ग्रामनामे त्यांत पुष्कळदा ओळखू न येण्याइतकी बदलली आहेत. ‘हैदराबाद संस्थान’ एवढाच उल्लेख असलेल्या नोंदी आजच्या जिल्ह्यांत वाटून द्यावयाच्या, तर प्रथम ही ग्रामनामे जुन्या तालुक्यांच्या याद्यांशी ताडून पाहावी लागतात.